वाळवणाआधीची तीन-चार मिनिटं

आपलं बरंचसं वाळवण शेवटी तेलात जातं. सांडगी मिरची, कारल्याच्या काचऱ्या, ताकातली गवार, बटाट्याचे वेफर्स. उन्हात खडखडीत करायचं, डब्यात भरायचं आणि आमटीभाताच्या दिवशी चार तळून ताटात वाढायचं. तेलात पडलं की चिवटपणा कुणाला कळत नाही. मला हवी होती ती भाजी मात्र पाण्यात परत यायला हवी होती. गरम पाणी ओतलं, झाकण ठेवलं की अर्ध्या तासाच्या आत गाजराचं गाजर आणि वाटाण्याचा वाटाणा. करायला घेतल्यावर कळलं की यात उन्हाचा वाटा निम्माच. उरलेलं सगळं भाजी गच्चीवर जायच्या आधी गॅसवरच ठरतं.

हे सुरू झालं पन्हाळा-पावनखिंड मोहिमेमुळं. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून महाराज ज्या वाटेनं विशाळगडाकडं गेले, त्या वाटेनं दर जुलैत कोल्हापुरातून शेकड्यांनी माणसं चालतात. आमच्या पेठेतलीही तालमीची पोरं जातात, आणि आता आम्ही काही बायकाही. मसाई पठारावर धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही, पाय चिखलात घोट्यापर्यंत, आणि पाठीवरच्या पिशवीत बटाटे, गाजरं, फ्लॉवर. एक किलो गाजरात जवळजवळ ८८० ग्रॅम पाणीच असतं. दिवसभर आभाळातून पाणी कोसळतंय त्या वाटेवर आपण पाणी वाहून न्यायचं, हे काही मला पटेना.

सासूबाईंना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "पाण्यातच घालायची तर वाळवायची कशाला गं?" मी म्हटलं, "आत्या, वजन." त्या म्हणाल्या, "मग हरभऱ्याचा पाला वाळीव. आमी पावसाळाभर त्येच खायचो." खरं होतं त्यांचं. हरभऱ्याचा पाला कच्चाच वाळवतात, चुरतात आणि शिजवतात. पण पाला पातळ असतो, पाणी आत जायला त्याला वेळ लागत नाही. गाजराच्या चकतीचं आणि वाटाण्याच्या दाण्याचं तसं नाही.

सुरुवात गाजरापासून केली, कारण ते स्वस्त आणि चुका माफ करणारं. फेब्रुवारीत कपिलतीर्थ मंडईत चांगली केशरी गाजरं मिळतात. सोलून, साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या चकत्या केल्या. सगळ्या एका जाडीच्या हव्यात, नाहीतर पातळ जळकट होतात आणि जाड आतून ओल्या राहतात. चकत्यांचे दोन वाटे केले. एक कच्चाच. दुसरा मोदकपात्रात पातळ थर करून ४ मिनिटं वाफवला, गार पाण्यातून काढला आणि पंचावर निथळला. याला ब्लांचिंग म्हणतात. आपल्याकडं 'एक वाफ काढून घे' म्हणतात तेच, फक्त घड्याळ लावून. दोन्ही वाटे एकाच चाळणीवर, मध्ये दोरी टाकून, वर मलमलीचं कापड.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाफवलेली चकती दोन बोटांत धरून वाकवली तर टचकन मोडली. शेजारची कच्ची चकती अजून चामड्यागत वळत होती. रंगातही फरक होता. वाफवलेली गडद, उजेडात धरली तर आरपार दिसणारी. कच्ची पांढुरकी, कडेला फिकी पडलेली. खरा फरक पुढं कळला. दोन्ही बरण्या फडताळात ठेवल्या होत्या. पाडव्यानंतर उघडल्या तेव्हा कच्च्या गाजराला वाळल्या गवताचा वास येत होता, वाफवलेल्याला गाजराचाच. मग वजनकाट्यावर दोन्हींतलं १०-१० ग्रॅम घेतलं, सारख्याच गरम पाण्यात सारखाच वेळ ठेवलं, निथळून पुन्हा तोललं. वाफवलेलं ५० ग्रॅमच्या आसपास गेलं. कच्चं ४० पर्यंतसुद्धा पोचलं नाही, आणि चावताना मधोमध एक रबरी कणी राहिली होती ती वेगळीच.

यामागचं कारण साधं आहे, फक्त दिसत नाही. भाजी तोडली तरी तिच्यातली एन्झाइम, म्हणजे आत बदल घडवत राहणारी प्रथिनं, कामाला असतातच. वाळवणाच्या उन्हात ती मरत नाहीत, नुसती मंदावतात. पुढं बरणीत बसल्या बसल्या रंग, वास, जीवनसत्त्वं हळूहळू खात राहतात. उकळतं पाणी किंवा वाफ त्यांना कायमचं थांबवते. दुसरी गोष्ट पेशींची. प्रत्येक पेशीभोवती एक पडदा असतो, तो जिवंत असेपर्यंत पाणी सहज बाहेर सोडत नाही. वाफेनं तो पडदा मोडतो, पेशींमधली हवाही निघून जाते. मग पाणी लवकर बाहेर पडतं, आणि पुढं भिजवल्यावर त्याच वाटेनं आत जातं. तोटाही आहे. क जीवनसत्त्व आणि ब गटातली काही पाण्यात विरघळून जातात, म्हणून जिथं जमेल तिथं मी वाफ वापरते आणि पाणी फक्त शेंगांना, वाटाण्याला आणि बटाट्याला.

ब्लांचिंग पुरेसं झालं का, हे घरी कसं ओळखायचं? मेडिकलमध्ये जखम धुवायला हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, त्याची बाटली आणली. कच्च्या बटाट्याच्या कापावर एक थेंब टाकला की फसफसून पांढरा फेस येतो. बटाट्यातलं कॅटालेज नावाचं एन्झाइम पेरॉक्साइड फोडून त्यातला ऑक्सिजन मोकळा करतं. नीट वाफवलेल्या कापावर थेंब नुसता पडून राहतो. आत्या चष्मा लावून बघत होत्या. एक मिनिट वाफवलेल्या कापाच्या कडा गप्प होत्या, पण मधोमध रुपयाएवढ्या गोलात बारीक बुडबुडे चालूच. म्हणाल्या, "मधी अजून जित्ता हाय." एवढं नेमकं मला सांगता आलं नसतं. पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम याहून दमदार असतं, कारखान्यांत त्याचीच परीक्षा घेतात. म्हणून थेंब गप्प बसला तरी मी वर अर्धा मिनिट देते. तपासलेला तुकडा अर्थातच फेकून द्यायचा.

आत्यांच्या बटाट्याच्या वेफर्सची रीत मी मग नव्या नजरेनं बघितली. काप पाण्यातून धुवायचे, तुरटी फिरवलेल्या पाण्यात ठेवायचे, मिठाच्या उकळत्या पाण्यातून अर्धवट शिजवून काढायचे आणि मगच उन्हात. वरचा स्टार्च धुऊन जातो, तुरटीनं काप तुटत नाहीत, आणि अर्धवट शिजवणं म्हणजे ब्लांचिंगच. पेरॉक्सिडेजचं नाव त्यांनी आयुष्यात ऐकलेलं नाही, पण 'कच्चं टाकलं की काळं पडतंय' हे पक्कं ठाऊक. फक्त तुरटी तळायच्या वेफर्सला चांगली. पाण्यात परत मऊ व्हायच्या बटाट्याला तो घट्टपणा नको. माझ्या बटाट्याचे बारीक चौकोनी तुकडे मी तुरटी न वापरता, पाण्यात जरा लिंबूसत्त्व घालून ६ ते ७ मिनिटं उकळले. पांढरे राहिले. हिरव्या भाजीला मात्र लिंबूसत्त्व लावायचं नाही. आंबटानं हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि भाजी शेवाळी, मळकट दिसायला लागते. ताकातली गवार तशी दिसते ती यामुळंच. तळायची असल्यामुळं तिचं काही बिघडत नाही.

आता वाटाणा. यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. जानेवारीत कोल्हापुरात मटार स्वस्त होतो, लोक पिशव्या भरून नेतात, सोलतात आणि फ्रीजरात टाकतात. वाळवायला गेलं की मात्र तो आडमुठा. दाण्याची साल पाणी बाहेरही सोडत नाही आणि आतही घेत नाही. नुसता वाफवून वाळवला तर वरून सुरकुतलेला, आतून गोटा. भिजवला की साल फुगते आणि दाणा तसाच कडक. उपाय साधा निघाला: टोचणं. सांडगी मिरचीला चीर देतो तसंच. मोठ्या प्रमाणावर करणारेही वाटाण्याला भोकं किंवा चीर पाडतातच. मी काट्या-चमच्यातला काटा घेतला, ताटलीत दाणे पसरून टोचत बसले, टीव्हीसमोर. किलोभर दाण्यांना वेळ जातो, पण शेजारणी जमल्या की होऊन जातं. टोचल्यावर ३ मिनिटं उकळत्या पाण्यात. पाणी भरपूर हवं, अर्धा किलोला चार लिटर तरी, नाहीतर दाणे टाकल्यावर पाणी थंड पडतं आणि तीन मिनिटांचा हिशेब चुकतो.

त्या पाण्यात लिटरला चिमूटभर खायचा सोडा. यानं दोन कामं होतात, हिरवा रंग टिकतो आणि साल सैल पडते. चिमटीपेक्षा जास्त झाला तर दाणे बुळबुळीत होतात आणि ब-१ जीवनसत्त्व जातं, म्हणून हात आवरायचा. पाण्याचंही बघायला लागतं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम सालीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या खळीला, धरतं आणि साल आणखी घट्ट होते. तुरडाळ बोअरच्या पाण्यात शिजत नाही, हे कोल्हापुरातल्या कुठल्याही बाईला विचारा. वाटाण्याचंही तेच. नळाचं पाणी येईल त्याच दिवशी वाटाणा घ्यायचा.

आणखी एक उपाय करून बघितला, तो फ्रीजरचा. वाफवलेले दाणे रात्रभर फ्रीजरात ठेवायचे, सकाळी बाहेर काढून वितळू द्यायचे, निथळायचे आणि मग वाळवायला टाकायचे. घरच्या फ्रीजरात भाजी सावकाश गोठते, त्यामुळं बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पेशींच्या भिंती फाटतात. एरवी आपण याच कारणानं फ्रीजरातल्या भाजीला नावं ठेवतो, की वितळली की लिबलिबीत होते. इथं नेमकं तेच कामाला आलं. भाजी जाळीदार होते, पाणी भराभर जातं आणि तसंच परत येतं. आत्यांना हे काही पसंत पडलं नाही. "बर्फात ठेवायचं आन मग उनात. बिचाऱ्याला ताप यील." पण बिन्सच्या तुकड्यांना आणि वाटाण्याला फ्रीजरची रात्र मी आता सोडत नाही. गाजराला दिली की ते भिजल्यावर फार मऊ पडतं, त्याला नको. आणि ज्याला एवढं सोसत नाही त्यानं बाजारातला फ्रोझन मटार आणून सरळ वाळवावा. तो आधीच ब्लांच केलेला आणि गोठलेला असतो, फक्त टोचणं उरतं.

चाळणीची गोष्ट मध्येच सांगते. वाफवलेल्या गाजराची साखर कापडाला चिकटते, चकती काढताना निम्मी कापडावर राहते. शिवाय कापडावर खालून हवा लागत नाही. म्हणून जाळीच्या चौकटी करून घ्यायला उद्यमनगरात गेले. दुकानदार म्हणाला, "कापडावर वाळवा की वैनी. आमच्यात सगळं लुगड्यावरच आसतंय." मग विचारलं, "कितीची जाळी देऊ?" मी म्हटलं, वाटाणा खाली पडू नये एवढी. "वाटाणा?" "वाळल्यावरचा." पर्समध्ये पुडी होती, ती त्याच्या तळहातावर सोडली. त्यानं दाणे एका जाळीवर टाकले, जाळी हलवली, तीन दाणे खाली पडले. दुसरी जाळी घेतली, ती हलवली, एकही पडला नाही. "ही घ्या." जस्ताच्या पाण्याची स्वस्तात देत होता, ती नको म्हटलं. खायच्या वस्तूला, त्यातून लिंबूसत्त्व लागलेल्या भाजीला, स्टीलचीच हवी. चार कोपऱ्यांना बोटभर पाय लावून घेतले, म्हणजे चौकटी एकावर एक बसतात आणि मधून वारा फिरतो.

फेब्रुवारी-मार्चचं ऊन यासाठी सर्वांत बरं. हवा कोरडी आणि ऊन सोसवणारं. एप्रिलात दुपारी वळीव कधी येईल सांगता येत नाही. गच्चीवर धावत जाऊन पाच चौकट्या खाली आणायच्या म्हणजे कसरतच. थेट उन्हात गाजराचा आणि पाल्याचा रंग उडतो, म्हणून वर पातळ कापड हवंच. संध्याकाळी सगळं घरात घ्यायचं, नाहीतर रात्रीच्या गारव्यात गेलेला ओलावा परत बसतो. ज्यांच्याकडं ड्रायर आहे त्यांनी ५५ ते ६० अंशांच्या वर जाऊ नये. सुरुवातीलाच आच जास्त दिली की बाहेरून कवच धरतं आणि ओल आत कोंडते.

गाजरासाठी आणखी एक कृती आहे. वाफवल्यावर चकत्या कॉर्नफ्लोअरच्या अगदी पातळ पाण्यातून काढायच्या. स्टार्चचा पापुद्रा कॅरोटिनला, म्हणजे गाजराच्या केशरी रंगाला, हवेपासून वाचवतो, रंग जास्त दिवस टिकतो. भिजवलेलं पाणी जरा दाट होतं, पण रस्सा करणार असाल तर ते बरंच. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, सरबतवाल्यांचं केएमएस, ते मात्र मी वापरलं नाही. रंग राखायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, हे मान्य. पण त्यातून सुटणाऱ्या गंधकाच्या वायूचा दम्याच्या माणसाला त्रास होऊ शकतो, आणि आमच्या घरात दमा आहे.

बाकीच्या भाज्या पटापट सांगते. कोबी बारीक चिरून दीड-दोन मिनिटं वाफ. वाळला की मूठभर होतो, भिजला की पातेलंभर. बिन्स ४ मिनिटं, तिरक्या कापून. कांदा, लसूण यांना उकळतं पाणी दाखवायचं नाही, कारण चिरल्यावर त्यांची चव एन्झाइमच तयार करतं. ते मेलं की कांदा मुका होतो. मेथी कच्चीच सावलीत. टोमॅटोच्या फोडी कच्च्या वाळतात, पण मी गर आटवून ताटात पातळ पसरते आणि पापुद्रे करून ठेवते. फ्लॉवरवर मी मेहनत केली, मिठाच्या पाण्यात ५ मिनिटं, लिंबूसत्त्व, सगळं. तरी भिजल्यावर तुऱ्यांचा भुगा आणि देठाचं चऱ्हाट. फ्लॉवर आता यादीत नाही.

भरताना एक काळजी. वाळलेली भाजी लगेच डब्यात गच्च दाबायची नाही. आठवडाभर काचेच्या बरणीत सैल ठेवायची, रोज हलवायची. एखादा तुकडा जरा ओला राहिला असला तर ओल सगळ्यांत वाटली जाते. काचेवर आतून दव दिसलं तर पुन्हा उन्हात. नंतर हवाबंद करून अंधाऱ्या फडताळात.

जुलैत मोहिमेच्या वाटेवरच्या करपेवाडीत मुक्कामाला पोचलो तेव्हा सगळ्यांचे कपडे ओले, पण पिशवी हलकी. भिजवायचेही काही नियम आहेत. मीठ शेवटी. मिठाच्या पाण्यात भाजी पाणी कमी ओढते. टोमॅटोचा पापुद्रा, चिंच, आमसूल तर त्याहून शेवटी, कारण आंबटात साल मऊ पडत नाही. वाटाणा आणि बिन्स मी मुक्कामाच्या तासभर आधी चालता चालताच रुंद तोंडाच्या बाटलीत पिण्याच्या पाण्यात टाकले होते. तासाभरापेक्षा जास्त नाही, पावसाळी हवेत भिजलेली भाजी फार वेळ ठेवायची नसते. गाजर, कोबी, बटाटा थेट उकळत्या पाण्यात, चुलीवरून उतरवून झाकण, २० मिनिटं. मग कांदा-लसूण मसाला, तांदूळ, शेवटी मीठ.

एका पोरानं ताटलीतला वाटाणा बोटात दाबून बघितला. "काकी, ह्यो फ्रीजमधला हाय न्हवं? हितं कुठनं आणला?" मी पिशवीतली उरलेली पुडी त्याला दाखवली. त्यानं एक वाळका दाणा तोंडात टाकला, दातानं फोडायला बघितला आणि काढून चुलीत टाकला.

गाजर मला हवं त्यापेक्षा किंचित मऊ झालं होतं. पुढच्या खेपेला वाफ तीन मिनिटांवर आणून पेरॉक्साइडनं तपासून बघेन. थंडीत वरणाही, म्हणजे आमच्याकडची वालासारखी शेंग, घ्यायचाय. त्याची शेंग आणि आतला दाणा एका वेगानं वाळणार नाहीत, तेव्हा दाणे वेगळे काढून टोचायचे आणि शेंगांचे तुकडे एक रात्र फ्रीजरात ठेवायचे, असं ठरवलंय. आत्यांनी दाणे टोचायचं काम आत्ताच अंगावर घेतलंय, फक्त टीव्ही त्यांच्या मालिकेवर लावायचा या अटीवर.